तळ्याकाठची ब्रँडी

बसवाली पहिल्यांदा आली तेव्हा तिने अख्खी बस गल्लीत आणून उभी केली. शाळेत मुलं सोडून झाली होती, परत न्यायची वेळ अजून लांब होती, आणि मधल्या रिकाम्या वेळात ती थेट इकडे आली होती. गल्ली अशी की समोरासमोर दोन सायकली आल्या तरी एकीने थांबावं. बस आत शिरली खरी, पण मागे अडकलेल्यांनी भोंग्यांचा असा काही गजर लावला की दातवालीला हातातलं काम टाकून खिडकीशी यावंच लागलं.

दातवाली हे काही तिचं नाव नव्हे. कवळ्या करण्याच्या एका छोट्या कारखान्यात ती कामाला होती, म्हणून गल्लीने तिला ते चिकटवलं होतं. दवाखान्यांकडून लोकांच्या हिरड्यांचे ठसे यायचे. त्यांत प्लास्टर ओतायचं, साचा सुटला की त्याच्यावर मेणाची हिरडी उभी करायची, तिच्यात एकेक दात रोवायचा, आणि पक्की कवळी निघाली की घासून घासून तकतकीत करायची. "दिवसभर मी लोकांच्या तोंडचं काम करते आणि घरी गेले की माझ्या तोंडाला काम नसतं," असं ती कारखान्याच्या मालकाला म्हणायची. मालक हसायचा. ते हसण्यासारखं होतंही. पण कुलूप काढून आत शिरल्यावर 'आलीस का' म्हणणारं कोणी नाही, याला आता इतकी वर्षं झाली होती की कधीकधी ती स्वतःच म्हणायची, "आले बाई."

त्या दिवशी तिची आठवड्याची सुट्टी होती. बसमधून एक उंच, रुंद खांद्यांची बाई उतरली, मागच्या गाडीवाल्याला हातानेच दटावलं आणि जिना चढून वर आली. दार उघडायच्या आधीच दातवालीने तिला ओळखलं होतं. ओळख म्हणजे काय, बाजारात लांबून एकदोनदा पाहिलेली. पण काही चेहरे विसरायचे म्हटले तरी विसरत नाहीत.

ही तिच्या नवऱ्याची बायको होती.

गोष्ट तशी साधी होती. दातवालीचा नवरा तळ्यावर बोटींची इंजिनं दुरुस्त करायचा. बोलका, हसरा, चार माणसांत रमणारा. मूलबाळ झालं नाही, ते दोघांनी फारसं मनाला लावून घेतलं नाही, निदान एकमेकांना तसं सांगितलं. एका संध्याकाळी तो कामावरून आला, हातपाय धुतले आणि उभ्याउभ्याच म्हणाला की दुसरं कोणी आहे, आणि आता लपवणं जमत नाही. दातवाली ताट वाढत होती. ती म्हणाली, "जेवून जा." तो जेवला. पोटभर जेवला, आणि याचाच तिला पुढे कितीतरी दिवस राग येत राहिला. मग बॅग भरून गेला. भांडण नाही, आदळआपट नाही. कागदांवर सह्या झाल्या, आणि ती दुसरी शाळेची बस चालवते एवढं कळलं. शेजारपाजारच्यांनी हळहळून घेतलं, कोणी सवतीच्या नावाने बोटंही मोडली, पण दातवालीने तोंडात मिठाची गुळणी धरली ती धरलीच.

आणि आज तीच सवत दारात उभी.

"ताई, आत येऊ का?" बसवाली म्हणाली.

ताई म्हटल्यावर काय म्हणणार? दातवाली बाजूला झाली.

बसवाली खुर्चीच्या कडेवर टेकली, पाणी प्यायली आणि एका दमात सांगून मोकळी झाली. तो आजारी होता. पोटातलं दुखणं, उशिरा कळलेलं. पुढे करण्यासारखं काही उरलं नाही असं सांगून डॉक्टरांनी घरी पाठवलं होतं, आणि मागेल ते द्या म्हणाले होते. पण तो काही मागतच नव्हता. जेवण नको, फळ नको, औषध तेवढं नाइलाजाने. फक्त संध्याकाळ झाली की म्हणायचा, तळ्याकाठची ब्रँडी दे. तिने घरी करून दिली. खानावळीतून आणून दिली, मग दुसऱ्या खानावळीतून. तो एक घोट घ्यायचा आणि ग्लास बाजूला सारायचा.

"परवा म्हणाले, ही नव्हे, शनिवारची," बसवाली म्हणाली. "शनिवारची म्हणजे काय, विचारलं, तर गप्प. मग माझं मीच समजले. शनिवारी तुम्ही करायच्या ना?"

दातवालीला हसू आलं की राग, तिचं तिलाच कळेना. "जाताना तेवढंच न्यायचं राहिलं होतं वाटतं त्याचं," ती म्हणाली.

बसवालीने टोमणा गिळला. "राहिलं असेल. मला शिकवा."

तळ्याकाठची ब्रँडी ही त्या भागात घरोघरची गोष्ट. तळ्याभोवतीच्या गावांत ती मिळत नाही अशी एक खानावळ सापडायची नाही, आणि दोन खानावळींत ती सारखी लागायची नाही. जाड बुडाचा ग्लास घ्यायचा. तळाशी साखर, साखरेवर कडू अर्काचे थोडे थेंब, वर संत्र्याची एक फोड सालीसकट आणि पाकातली चेरी. हे सगळं लाकडी दांड्याने दाबायचं. ठेचायचं नाही, दाबायचं. जोर जास्त झाला की सालीचा कडवटपणा उतरतो, कमी पडला की रस सुटत नाही. मग बर्फ, ब्रँडी, आणि शेवटी लिंबाचा सोडा. ऐकायला सोपं.

शनिवारी दातवालीचं काम दुपारीच आटपायचं. तेव्हा ती दातांच्या एका डॉक्टरांकडे मदतनीस होती. पुढे डॉक्टर वारले, दवाखाना बंद झाला आणि ती कवळ्यांकडे आली. घरी येऊन ती दोन ग्लास तयार करायची, तोवर तो तळ्यावरून यायचा, आणि दोघं खिडकीशी बसून सावकाश प्यायची. तो गेला त्याच आठवड्यात तो शनिवारही गेला. त्यानंतर तिच्या घरात ब्रँडीची बाटली आली नव्हती. एकटीसाठी संत्रं कोण कापणार?

"मला आता नीटसं आठवत नाही," ती म्हणाली, आणि ते खरंच होतं. "पुढच्या आठवड्यात ये. तोवर बघते करून."

खाली भोंगे थांबायचं नाव घेत नव्हते. बसवाली उठली. दारात थबकून म्हणाली, "मी इथे आले ते त्यांना सांगितलेलं नाही."

"सांगूही नकोस."

ती गेल्यावर दातवालीच्या ध्यानात आलं, आपण तिला सरळ अगंतुगं केलं. आणि आपण त्याला 'तो' म्हणतो, ही 'ते' म्हणते.

दुसऱ्या दिवशी कामावरून येताना ती दुकानात गेली. दुकानदार ओळखीचा. बाटली कागदात गुंडाळताना त्याने विचारलं, "पाहुणे येणार वाटतं?" ती हो म्हणाली. खोटं बोलायचं तसं काही कारण नव्हतं, पण नाही म्हटल्यावर त्याच्या चेहऱ्यावर जे उमटलं असतं ते बघायची तिची तयारी नव्हती.

घरी येऊन तिने ओट्यावर सगळं मांडलं. लाकडी दांडा कधीच हरवला होता, म्हणून लाटण्याचं टोक वापरायचं ठरवलं. हाताने आपल्या सवयीने दोन ग्लास काढले. एक तिने पुसून परत फडताळात ठेवला. पहिला प्रयत्न सरबतासारखा झाला. दुसऱ्यात सालीचा कडवटपणा उतरला, तरी टाकवेना म्हणून तोही प्यायली. इतक्या वर्षांची सवय सुटलेली, तेवढीही डोक्यात गेली. ती खुर्चीत बसली आणि समोरच्या रिकाम्या खुर्चीला चांगलं खडसावून म्हणाली, "पोटभर जेवलास. एक घास तरी ताटात टाकायचा होतास." मग स्वतःच दचकली आणि शेजारी ऐकतील म्हणून उठून खिडकी लावली.

पुढे रोज संध्याकाळी ती एकच ग्लास करायची. साखर कमी करून बघितली, संत्र्याची फोड जाड घेऊन बघितली, बर्फ आधी घालून बघितला. नवल असं की त्या आठवड्यात संध्याकाळ कधी झाली आणि कधी सरली हे तिला कळलंच नाही. एरवी दिवे लागायच्या सुमाराला घर खायला उठायचं, ते उठलं नाही. करायला काम होतं, आणि ते कोणासाठी तरी होतं. नेमकं कोणासाठी, हे ती स्वतःला विचारत नव्हती. शेवटी एका संध्याकाळी घोट घेतला आणि वाटलं, हीच. निदान याहून जवळ आता जाता यायचं नाही.

बसवाली ठरल्याप्रमाणे आली. या वेळी बस गल्लीबाहेर ठेवून चालत आली. दातवालीने एक ग्लास करून दाखवला, मग दुसरा तिच्या हाती दिला. बसवालीचे हात चांगलेच दणकट. तिने लाटणं असं काही दाबलं की संत्र्याचा रस थेट भिंतीवर उडाला.

"अगं, हा गिअर नव्हे," दातवाली म्हणाली.

बसवाली हसली. दातवालीही हसली. चाखायची वेळ आली तेव्हा बसवालीने ग्लासला हातही लावला नाही. मुलांना घरी सोडायचंय, नुसता वास घेते म्हणाली, आणि नाक ग्लासात घालून खरोखरच बराच वेळ वास घेत बसली. चाखायचं काम दातवालीने केलं. मग चहा झाला. चहा पिता पिता तिने विचारून टाकलं, अजून तो झोपेत बोलतो का. बोलतात की, बसवाली म्हणाली, सगळी इंजिनांची बोलणी, एकदा तर मलाच म्हणाले, तेल बदल. इतक्या वर्षांत त्याच्याबद्दल कोणाशी असं सहज बोलायची दातवालीची ही पहिलीच वेळ. शेजारणींशी बोलायचं म्हणजे तक्रार व्हायची, नाहीतर रडणं. जी त्याच्याशेजारी झोपते तिलाच फक्त त्याच्या घोरण्याचा विनोद कळत होता.

त्या संध्याकाळी ती फोनकडे कान देऊन होती. फोन आला.

"नाही म्हणाले, ताई. म्हणाले, बरी आहे, पण ती नव्हे."

तू फार दाबलं असशील, दातवाली म्हणाली. बसवाली म्हणाली, अगदी हळू दाबलं, तुमची शपथ. तेवढ्यात फोनमध्ये लांबून खोकल्याचा आवाज आला आणि दातवालीने तो लगेच ओळखला.

"मी येऊन करते," ती म्हणाली. "पण त्याला कळता कामा नये. मी स्वयंपाकघराच्या बाहेर यायची नाही."

ते घर तळ्याच्या जवळ होतं, खाली बसकं, मागच्या दाराने सरळ स्वयंपाकघरात जाता यायचं. दातवाली मागूनच आत गेली. चपला तिने हातात घेतल्या होत्या, चोरासारख्या. बसवालीने सगळं काढून ठेवलं होतं. मधलं दार अर्धं लोटलेलं, आणि त्या फटीतून पलंगाचा पायथा आणि त्याचे पाय तेवढे दिसत होते. पायांत लोकरीचे मोजे. एक मोजा उलटा चढवलेला, टाच वर आलेली. दातवालीला तो सरळ करावासा वाटला. तिने साखर घातली, अर्क घातला, फोड ठेवली आणि दाबली, जशी घरी दाबली होती अगदी तशी, उलट जास्तच जपून. बर्फ घालताना आवाज होऊ नये म्हणून एकेक खडा बोटांनी आत सोडला. बसवालीने ग्लास उचलला आणि आत नेला.

आतून त्याचा आवाज आला. पहिल्यासारखा नव्हता, पातळ झालेला, कापडातून गाळल्यासारखा.

"आज छान झालीये," तो म्हणाला. दातवालीने ओट्याची कड धरली. "पण तिची नाही. तिच्या हातची वेगळी लागायची."

बसवाली परत आली ती रडवेल्या चेहऱ्याने. तिला वाटलं असावं, ताईंना राग येणार. दातवालीने हात पुसायच्या फडक्यात तोंड खुपसलं होतं आणि तिचे खांदे हलत होते. ती हसत होती. आवाज न करता, पोट धरून हसत होती, आणि बसवालीने तिच्या पाठीवर हात ठेवला तेव्हा मात्र ते हसणं राहिलं नाही. थोड्या वेळाने तिने फडकं धुतलं, पिळून दांडीवर घातलं, चपला हातात घेतल्या आणि आली तशी मागच्या दाराने निघून गेली.

घरी जायला बस होती, पण ती तळ्याच्या कडेने चालत गेली. माणसं कुत्र्यांना घेऊन फिरत होती, एका बोटीवर दोघं जण दोर गुंडाळत होते. तिच्या मनात आलं, हात तर हेच. मग तो ज्या बाईची आठवण काढतोय ती कोण? वाटेत ओळखीची एक बाई भेटली, इकडे कुठे म्हणाली. असंच, हवा खायला, असं दातवालीने सांगितलं.

पुढचे दोन दिवस तिने फोन केला नाही, तिकडूनही आला नाही. ब्रँडीची बाटली तिने डोळ्यांआड ठेवून दिली.

मग एका सकाळी कारखान्याच्या मालकाचा दात ठणकायला लागला. गाल सुजलेला, डोळ्यांत पाणी. सगळ्या गावाला कवळ्या घालणारा माणूस स्वतः मात्र दातांच्या डॉक्टरकडे जायला घाबरायचा, त्यामुळे सगळ्यांची करमणूक झाली. त्याने कुठूनशी लवंगेच्या तेलाची एक जुनी बाटली शोधून काढली, पण झाकण उघडेना. ती त्याने दातवालीकडे दिली. तिने झाकण कापडात धरून पिळलं, आणि वास आला.

ती तशीच उभी राहिली. डॉक्टरांच्या दवाखान्यात असताना दिवसभर तिचं हेच काम. काचेच्या तुकड्यावर पांढरी पूड घ्यायची, त्यात लवंगेचं तेल थेंब थेंब घालायचं आणि घोटत राहायचं. दातातला खड्डा तात्पुरता बुजवायला ते लागायचं. बोटं त्या वासाने भिजलेली असायची. साबण लावला, लिंबू चोळलं, माती लावली, तरी जायचा नाही. तेव्हा ती त्या वासाला वैतागायची. नवरा मात्र तिचा हात नाकाशी धरून म्हणायचा, दवाखाना घरी आला. आणि त्याच हातांनी ती शनिवारी संत्र्याची फोड धरायची, चेरी सोडायची, बर्फ घालायची.

मालक म्हणाला, "बाई, ती बाटली द्या, मी मरतोय इथे." तिने दिली.

दुपारच्या सुट्टीत तिने बसवालीला फोन लावला. लवंग आहे का घरात? आहे. एक लवंग ठेच, बोटांना चांगली चोळ, आणि त्याच बोटांनी सगळं कर. ग्लासात लवंग टाकायची नाही, नुसती बोटं. बसवालीने का म्हणून विचारलं नाही. रस्ता सांगितल्यावर ड्रायव्हर मान डोलावतो तशी ती हो, हो म्हणत गेली.

संध्याकाळी फोन यायला उशीर झाला. दातवालीने तोवर कपडे बदलले होते, केस विंचरले होते. कुठे जायचं नव्हतं. पण तिला वाटलं होतं, कदाचित बोलावणं येईल. मालकालाही तिने निघताना सांगून ठेवलं होतं की उद्या यायला उशीर होईल बहुतेक.

"सगळी प्यायले," बसवाली म्हणाली. "ग्लास हातात धरून बसले होते. मग मला विचारलं, ती आली होती का?"

"मग?"

"मी म्हटलं, नाही. आज तुम्ही नव्हता आलात, ताई, म्हणजे खरंच बोलले मी. तरी खोटं बोलल्यासारखं वाटलं. मग मी म्हटलं, बोलावू का त्यांना?"

दातवालीने दाराजवळच्या चपलांकडे बघितलं.

"ते म्हणाले, नको. तिला कशाला त्रास."

दातवालीने बरं म्हटलं. आवाज नेहमीसारखाच निघाला याचं तिला समाधान वाटलं. फोन ठेवल्यावर ती विंचरलेल्या केसांनी तशीच बसून राहिली. त्रास म्हणे. इतक्या वर्षांनी त्याला तिच्या त्रासाची काळजी वाटली, आणि तीही नेमकी आत्ता. रात्रीचं जेवण तिने केलं नाही. भूक नव्हती, आणि विचारणारं कोणी नव्हतं.

तरी फोन चालू राहिले. रोज संध्याकाळी बसवाली सांगायची, आज अर्धा ग्लास घेतला, आज एक घोट, आज नुसता वास घेतला आणि ठेवून दिला. मग इतर बोलणं निघायचं. बसमधल्या मुलांचं भांडण, घसरलेला क्लच, उकाडा. दातवाली तिला कवळ्यांच्या गमती सांगायची, एका आजोबांनी तरुणपणचा फोटो आणून तस्सेच दात हवेत म्हटलं होतं ते सांगितलं. फोनची वेळ होत आली की ती हातातलं आवरून बसायची. माणूस तिकडे हळूहळू विझतोय आणि आपण मात्र संध्याकाळची वाट बघतोय, हे तिला कळत होतं, आणि त्याची लाजही वाटत होती.

एका सकाळी फोन आला. सकाळी कधी येत नसे. वाजल्याबरोबर ती समजली.

"ताई, गेले," बसवाली म्हणाली.

माणसं जमत होती. त्याचे भाऊ, भावजया, तळ्यावरची मंडळी. बसवालीने विचारलं, येता का? दातवाली म्हणाली, नको, त्या गर्दीत मी कोण म्हणून उभी राहू? गर्दी ओसरल्यावर येईन. ती कामावर गेली. अर्ध्या तासाने तिने दोन दात उलटसुलट रोवले, डावा उजवीकडे आणि उजवा डावीकडे, तेव्हा मालकाने काय झालं म्हणून विचारलं. ती म्हणाली, एक जण वारले.

"नात्यातले का?"

तिने जरा विचार केला. "ओळखीचे," ती म्हणाली.

मालकाने अर्ध्या दिवसाची सुट्टी दिली. घरी येऊन काय करायचं ते तिला सुचेना. तिने पडदे ओढले आणि भर दुपारी झोपली, गाढ झोपली.

गर्दी ओसरायला बरेच दिवस गेले. ती गेली तेव्हा या वेळी पुढच्या दाराने गेली. बसवाली सामान खोक्यांत भरत होती. हे घर सोडून ती भावाच्या गावी जाणार होती. तिथल्या शाळेला ड्रायव्हर हवा होता, आणि भावाच्या घराजवळ एक खोली मिळाली होती. भाऊ आमच्याकडेच राहा म्हणत होता, पण भावजयीचा चेहरा बघून तिने खोलीच घेतली होती. पलंग उघडा पडला होता. दातवालीने तिला भांडी कागदात गुंडाळायला मदत केली. मग दोघी जमिनीवरच बसल्या आणि काळा चहा प्यायल्या, कारण घरात दूध नव्हतं.

"ताई," बसवाली म्हणाली, "एक शिकवलंत. आता एकटं कसं राहायचं तेही सांगा."

दातवालीला वाटलं, ती गंमत करतेय. पण बसवालीचा चेहरा बस चालवताना असतो तसा होता, सरळ पुढे बघणारा.

असं काही शिकवता येत असेल असं दातवालीला कधी वाटलं नव्हतं. ती चाचपडत बोलायला लागली. म्हणाली, संध्याकाळी बाहेर जाताना आत एक दिवा लावून जात जा, म्हणजे परत आल्यावर अंधारात कुलूप काढावं लागत नाही. लहान पातेलं विकत घे. मोठ्या पातेल्यात थोडं शिजवलं की ते करपतं, आणि जास्त शिजवलं की दोन दिवस तेच खावं लागतं. ओट्यापाशी उभं राहून जेवू नकोस. ताट वाढून घ्यायचं आणि बसायचं. सुट्टीच्या दिवशी दुपारी घरात थांबू नकोस, कपडे धुवायचे तर सकाळीच धू. ताप आला तर ज्याला फोन करशील त्याचा नंबर भिंतीवर मोठा लिहून ठेव. पलंगाच्या मधोमध झोपायला लाग, पहिल्या दिवसापासून. एका कडेला झोपायची सवय मोडायला मला फार वेळ लागला.

बसवाली लक्ष देऊन ऐकत होती. संत्र्याची फोड कशी दाबायची ते ऐकलं होतं तशीच.

"आणि एवढं करून जमलं नाही तर?"

"तर मला फोन कर," दातवाली म्हणाली.

फोन आले. सुरुवातीला रोज यायचे. नव्या शाळेची बस जुनी आहे, गल्ल्या अजून पाठ व्हायच्यात, पातेलं आणलं, दिवा लावून जाते. एकदा ती फोनवर बराच वेळ नुसतीच रडली आणि दातवालीने मध्ये न बोलता ऐकून घेतलं. मग फोन एक दिवसाआड यायला लागले. मग आठवड्याने. एका फोनमध्ये ती घाईत होती. शेजारणीने कुठेतरी बोलावलं होतं, नंतर बोलू म्हणाली. त्यानंतर मोठा खंड पडला. दातवालीने दोनदा फोन हातात घेतला आणि परत ठेवला. तिने मनाशी धरलं, तिला जमलं असणार, आणि हे तिने स्वतःला बऱ्याचदा सांगितलं. सांगताना बरं वाटायचं, आणि सांगून झाल्यावर थोडा वेळ काही सुचायचं नाही.

अशाच एका संध्याकाळी ती फोनशेजारी बसली होती. बाहेर दिवे लागले. समोरच्या घरातून कोणीतरी कोणाला तरी जेवायला हाक मारत होतं. मग ती उठली, भाजी चिरायला घेतली, ताट मांडलं आणि बसून जेवली.